ईर्ष्यावान देव

मराठी बायबलात निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय काढला की दहा आज्ञा लागतात. मूर्ती करू नका, त्यांच्या पाया पडू नका अशी जी आज्ञा आहे, तिथे देव आपलं कारणही सांगतो. आणि त्या कारणात स्वतःला एक विशेषण लावतो: ईर्ष्यावान.

माझ्यासारखा माणूस इथे हमखास अडखळतो. लहानपणापासून आपण षड्रिपू पाठ केलेले. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. त्यातला शेवटचा शत्रू देवानेच घरात ठेवलाय आणि वर त्याचीच पाटी दारावर लावलीय, हे काय? बरं, ही कुणा टीकाकाराने मारलेली कोपरखळी नाही. चौतिसाव्या अध्यायात तर हे त्याचं नावच आहे असं सांगितलंय.

मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. इतिहास वाचायची खोड आहे, इतकंच. पण एक शब्द अडीच हजार वर्षं माणसांच्या घशात अडकतो, त्यावरून पंथ फुटतात, सम्राट पुस्तकं लिहितात, आणि तरी भाविक माणसं त्याच शब्दात प्रेम पाहतात... ही गोष्टच मला विलक्षण वाटली. म्हणून हे लांबलचक टिपण. घरच्या मंडळींनी कंटाळा आला तर सरळ शेवटचे परिच्छेद वाचावेत, तिथे कोकण आहे!

मूळ हिब्रू शब्द आहे ‘कन्ना’. हे रूप बायबलात फक्त देवासाठी वापरलंय, माणसासाठी एकदाही नाही. पण ज्या धातूपासून ते आलं तो धातू मात्र माणसांच्या घरगुती भांडणांत सर्रास भेटतो. राहेलला मूल होत नाही, बहिणीला होतात, तेव्हा राहेलच्या मनात येतं ते हेच. योसेफाचे भाऊ त्याच्यावर जळतात तेही हेच. काही कोशकार या धातूचं नातं अरबीतल्या लालभडक होण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडतात. म्हणजे चेहरा तांबडालाल होणं. रागानेही होतो, लाजेनेही, आणि प्रेमानेही.

खरी गंमत पुढे आहे. हिब्रूत या क्रियापदाला कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं यावर बराचसा अर्थ ठरतो. एक लागलं तर हेवा. दुसरं लागलं तर एखाद्यासाठी पेटून उठणं. योएल आणि जखऱ्या या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत देव आपल्या भूमीसाठी, यरुशलेमसाठी असा पेटून उठतो, आणि योएलात तर लगेच पुढे त्याला लोकांची दया येते. हे वाचलं आणि मला एकदम आपली मराठी आठवली. ‘तो माझ्यावर जळतो’ आणि ‘आई लेकरासाठी जीव जाळते’. आग एकच. ‘वर’ आणि ‘साठी’ एवढाच काय तो फरक.

ग्रीकांना हा फरक दोन वेगळ्या शब्दांनी करता यायचा. त्यांच्याकडेही देवांचा मत्सर ही जुनी कल्पना होती. हेरोडोटसच्या इतिहासात सोलोन क्रीससला सांगतो की दैव फार मत्सरी असतं, म्हणून मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नये. पॉलिक्रेटीसची अंगठीची गोष्टही त्यातलीच. सगळंच चांगलं चाललंय, देवांना बघवणार नाही, काहीतरी मौल्यवान वस्तू टाकून दे, असा त्याला सल्ला मिळतो. तो अंगठी समुद्रात टाकतो आणि ती माशाच्या पोटातून परत येते. आपल्याकडे बाळाच्या गालाला तीट लावतात त्यामागची भीती याहून फार वेगळी नसावी. या मत्सराला ग्रीक शब्द आहे ‘फ्थोनोस’. दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. प्लेटोने मात्र तो देवांच्या जवळपासही नको म्हणून स्पष्ट बजावलं. दुसरा शब्द ‘झेलोस’, म्हणजे चुरस, आवेश, तळमळ. ॲरिस्टॉटलने या दोघांची तुलना करून फ्थोनोस हलक्या माणसांचा आणि झेलोस भल्या माणसांचा ठरवला.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली, तेव्हा ‘कन्ना’साठी त्यांनी झेलोसच्या घरातला शब्द निवडला. फ्थोनोसला हात लावला नाही. इंग्रजीतले ‘जेलस’ आणि ‘झेलस’ हे दोन्ही शब्द याच एका झेलोसची लेकरं आहेत! लॅटिनमधून येता येता भाऊ वेगळे झाले, एक बदनाम झाला आणि एक प्रतिष्ठित.

पण शब्दाची फोड केली म्हणून प्रश्न सुटत नाही. देवाला असं पेटून उठायची गरजच का पडावी?

इथे थोडा भोवतालचा इतिहास बघायला हवा. प्राचीन पश्चिम आशियात देव एकमेकांशी बऱ्यापैकी जुळवून घेऊन राहत. बाबिलोनचा व्यापारी दुसऱ्या शहरात गेला की तिथल्या देवालाही नैवेद्य दाखवी, त्यात घरच्या देवाचा अपमान होत नसे. ‘माझ्याशिवाय दुसरा नको’ ही भाषा त्या काळी देवळात नव्हती. ती दरबारात होती. १९५५ साली इराकमधल्या निमरुद इथे मातीच्या मोठ्या पाट्यांचे तुकडे सापडले. असीरियाचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथा त्यावर होत्या. माझ्या मुलाशी, अशुरबनिपालशी, एकनिष्ठ राहा, दुसऱ्या राजाकडे जाऊ नका, कुणी फितवायला आलं तर, मग तो सख्खा भाऊ का असेना, कळवा. नाहीतर हे हे शाप लागतील. आणि त्यात हेही आहे की त्याच्यावर स्वतःसारखं प्रेम करा. अनुवाद या पुस्तकाची भाषा आणि या पाट्यांची भाषा इतकी जवळची आहे की अभ्यासक चकित झाले. विल्यम मोरन यांनी १९६३ साली एक निबंध लिहून दाखवून दिलं की अनुवादात देवावर प्रेम करा असं जे म्हटलंय ते प्रेम मुळात या करारांच्या भाषेतलं आहे. प्रेम म्हणजे निष्ठा.

म्हणजे इस्राएलच्या लेखकांनी सम्राटाची भाषा उचलली आणि सम्राटाच्या जागी देव बसवला. हे मला फार धीट वाटतं. ज्या काळात असीरियाचा राजा ‘फक्त माझे व्हा’ म्हणून छोट्या राज्यांच्या नरड्यावर पाय देत होता, त्या काळात एका छोट्या राज्यातले लोक म्हणत होते, नाही, तसा हक्क असलेला एकच आहे आणि तो तू नव्हेस.

प्रत्यक्षात लोक काय करत होते ते वेगळंच. १९७५-७६ मध्ये सिनाईच्या उत्तर भागात, कुंतिलेत अजरुद नावाच्या ओसाड जागी, इ.स.पू. ८०० च्या सुमाराची रांजणं सापडली. त्यावर आशीर्वादाचे शब्द आहेत, आणि त्यात यहोवाबरोबर ‘त्याची अशेरा’ही आहे. अशेरा ही कनानी देवी; इथे देवी म्हणायची आहे की तिचा लाकडी खांब, यावर पंडितांत वाद आहे. कसंही असलं तरी सामान्य माणूस आपला दोन्हीकडे हात जोडत होता. आपल्याला यात काहीच वावगं दिसणार नाही. ज्या संदेष्ट्यांना दिसलं, ते अल्पमतात होते.

त्यातला होशेय मला सर्वांत जवळचा वाटतो. इ.स.पू. आठव्या शतकातला, उत्तरेकडच्या राज्यातला. त्याच्या बायकोचं नाव गोमर. ती दुसऱ्यांकडे जाते. मुलांची नावं तर अशी की वाचून पोटात कालवतं: एकीचं नाव ‘जिला दया मिळाली नाही ती’, एकाचं ‘माझे लोक नव्हेत’. पुढे होशेय एका बाईला पंधरा शेकेल रुपं आणि काही जव देऊन घरी परत आणतो. ती गोमरच, असं बहुतेक वाचक मानतात. दरबारी कराराची भाषा इथे घरात शिरली. सम्राट आणि मांडलिक गेले, नवरा आणि बायको आले. करार मोडला की सम्राट फौज पाठवतो. त्याला रडू येत नाही. होशेयाच्या देवाला येतं. अकराव्या अध्यायात तर तो नवराही राहत नाही, बाळाला चालायला शिकवणारा बाप होतो, शिक्षा करायला निघतो आणि त्याचंच काळीज उलटतं. आणि गंमत म्हणजे ‘कन्ना’ हा शब्द या पुस्तकात एकदाही नाही. पण पुढे यहुदी आणि ख्रिस्ती माणसांनी त्या शब्दात जे प्रेम वाचलं त्याची बरीचशी शिदोरी इथली आहे.

आता जरा कठीण जागा. होशेयाचंच रूपक यहेज्केलाने सोळाव्या आणि तेविसाव्या अध्यायात पुढे नेलं, आणि तिथे ते भयंकर होतं. व्यभिचारी पत्नीला नागवं करणं, जमावाच्या हवाली करणं, दगडमार. यरुशलेमच्या पाडावाचं वर्णन आहे हे खरं, पण वाचवत नाही. (होशेयाचा दुसरा अध्यायही या बाबतीत अगदी निर्दोष नाही.) रेनिटा वीम्स या अमेरिकन विदुषीने १९९५ साली या रूपकावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि विचारलं की ज्या बाया घरी मार खातात त्यांनी हे देवाचं प्रेम म्हणून कसं ऐकायचं?

आमच्या जुन्या चाळीत एक जोडपं होतं. नवरा कामावर जाताना दाराला बाहेरून कडी घालायचा. बाई खिडकीतून भाजीवाल्याशी बोलली तरी रात्री आवाज यायचे. आणि चाळीतल्या बायकाच म्हणायच्या, ‘जीव आहे हो त्याचा तिच्यावर, म्हणून संशय घेतो.’ मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यामुळे ‘ईर्ष्या म्हणजे प्रेमच’ असं कुणी गोड आवाजात सांगू लागलं की मला पहिल्यांदा ती कडी दिसते. देवासाठी माणसाचं रूपक वापरलं की ते उलटं वाहत येऊन माणसाच्या घरात शिरतं आणि नवरा देवाच्या गादीवर बसतो. म्हणून या शब्दावर ज्यांनी आक्षेप घेतले त्यांचं मला नेहमी नीट ऐकून घ्यावंसं वाटतं.

आणि आक्षेप काही कमी नव्हते. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा मार्सियन रोमला आला. पैसेवाला माणूस, तिथल्या मंडळीला त्याने दोन लाख सेस्टर्स देणगी दिली. त्याचं म्हणणं असं की हा ईर्ष्यावान, न्यायनिष्ठुर देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा. जुना करार बाजूला ठेवा. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं, आणि पैसेही परत केले! (ही गोष्ट मला फार आवडते. देणगी परत करणारी संस्था आजकाल बघायला मिळत नाही.) त्याच्याविरुद्ध कार्थेजच्या टर्टुलियनने पाच पुस्तकं लिहिली. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: ज्या देवाला कशाचाच राग येत नाही त्याला कशाचीच पर्वा नाही. आज्ञा करतो पण मोडली तर काही वाटत नाही, असा देव चांगला कसा?

गूढवादी ज्ञानपंथीयांची शक्कल तर आणखी बेरकी. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जी हस्तलिखितं सापडली, त्यातल्या योहानाच्या गुप्त ग्रंथात जगाचा अडाणी निर्माता गर्जना करतो की मी ईर्ष्यावान आहे, माझ्याखेरीज दुसरा देव नाही. त्यावर ग्रंथकार शांतपणे विचारतो, दुसरा नसेलच तर हा ईर्ष्या कुणाची करतोय? वकिली मुद्दा, पण बिनतोड. पुढे सम्राट ज्युलियननेही ३६२-६३ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांविरुद्ध लिहिताना याच शब्दावर बोट ठेवलं: माणसात जो दुर्गुण, तो देवात सद्गुण कसा? त्याचं पुस्तक आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः अलेक्झांड्रियाच्या सिरिलने खोडून काढण्यासाठी त्यातले उतारे दिले म्हणून. मार्सियनचंही तेच. शत्रूने जपून ठेवलेले लोक!

ज्ञानपंथीयांच्या त्या प्रश्नाला जवळचा प्रश्न तालमूदमध्येही आलाय. एक सेनापती रब्बान गमलिएलला विचारतो, तोलामोलाच्या माणसाचीच ईर्ष्या केली जाते ना? मूर्तीत काही दम नाही तर तुमच्या देवाला ईर्ष्या का? गमलिएल म्हणतो, एखाद्याने बायको असताना दुसरी केली. नवी पहिलीपेक्षा वरचढ असेल तर पहिलीला ईर्ष्या वाटत नाही, कमअस्सल असेल तरच वाटते. आपल्याकडे सवतीचं दुखणं माहीत असलेल्या कुठल्याही आजीला हे पटलं असतं. गंमत अशी की इथे देव नवऱ्याच्या जागी नाहीच, टाकलेल्या बायकोच्या जागी आहे. अधिकार हातात असलेल्याची ईर्ष्या आणि सोडून दिलेल्याचं दुःख यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाळीतला तो नवरा पहिल्या प्रकारातला.

आणि इथे मराठी भाषांतराबद्दल एक सांगतो. ‘ईर्ष्या’ हा शब्द वाईट निवडला असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात नायिकेच्या रुसव्याचे, मानाचे, दोन प्रकार सांगतात, प्रणयमान आणि ईर्ष्यामान. प्रियकर दुसरीकडे गेल्याचं कळल्यावर जो मान येतो तो ईर्ष्यामान. म्हणजे मत्सर रिपूंच्या यादीत बसला तरी ईर्ष्या शृंगाराच्या दालनात ये-जा करत होती. आपली रुक्मिणी राधेवरून रुसून दिंडीरवनात आली ती याच भावाने, आणि पाठोपाठ देव आला म्हणून तर पंढरपूर झालं. फरक एवढाच की आपल्याकडे रुसली ती देवी आणि समजूत काढत आला तो देव. बायबलात रुसणारा आणि समजूत काढणारा एकच आहे.

ख्रिस्ती परंपरेत हे प्रेम म्हणून सर्वांत आधी सविस्तर मांडणाऱ्यांत तिसऱ्या शतकातला ओरिजेन येतो. आत्मा ही वधू, देव तिचा वर, आणि त्याची ईर्ष्या म्हणजे तिने पुन्हा जुन्या गर्तेत जाऊ नये ही तळमळ. यहेज्केलाच्या त्याच भयंकर सोळाव्या अध्यायात देव एके ठिकाणी म्हणतो की आता माझी ईर्ष्या तुझ्यापासून दूर होईल, मी रागावणार नाही. आपल्याला वाटेल, सुटका झाली. जेरोमने एका पत्रात हे वचन नेमकं उलटं वाचलं: देव रागावेनासा होणं हाच त्याचा सर्वांत मोठा राग. ज्यांच्या घरात अबोला झालाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. भांडणाऱ्या बापापेक्षा ‘तुला हवं ते कर’ म्हणणारा बाप जास्त लांब गेलेला असतो.

ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या शेवटी आपलं आत्मनिवेदन लिहायला घेतलं. त्याच्या पहिल्याच पुस्तकात काही पानांच्या अंतरावर दोन गोष्टी आहेत. देवाला उद्देशून तो म्हणतो की तुला ईर्ष्या आहे, पण तू निश्चिंत आहेस. आणि थोडं पुढे तो एका तान्ह्या बाळाचं वर्णन करतो, ज्याला अजून बोलता येत नाही, पण दुसरं मूल दुधाला लागलेलं पाहून जे पांढरंफटक पडतं. मला हे फार मार्मिक वाटलं. बाळाची ईर्ष्या भीतीतून येते, आपल्याला उरणार नाही या भीतीतून. देवाला भीती नाही, त्याचं काही कमी होत नाही. मग उरते ती फक्त समोरच्याची काळजी.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याला आपल्या सवयीप्रमाणे चौकटीत बसवलं. ईर्ष्या प्रेमाच्या तीव्रतेतूनच येते, पण प्रेम दोन तऱ्हेचं. एक, जे मला हवं आहे त्याबद्दलचं. तिथे मी मध्ये येणाऱ्यावर उखडतो. नवऱ्याच्या संशयाचं उदाहरण तो इथेच देतो. दुसरं, मित्राचं भलं व्हावं असं वाटणारं. तिथे मित्राच्या भल्याच्या आड येईल त्याच्याविरुद्ध मी उभा राहतो. कडीवाला नवरा कुठल्या खान्यात जातो हे सांगायला तेराव्या शतकातला साधू पुरतो, याचं मला बरं वाटलं. पौलानेही करिंथकरांना लिहिताना देवाच्या ईर्ष्येने मी तुमच्याविषयी ईर्ष्यावान आहे अशा अर्थाचं म्हटलंय, आणि तिथे तो वर नाहीच, मुलगी योग्य घरी द्यायला निघालेल्या माणसाच्या भूमिकेत आहे. स्वतःसाठी काही मागत नाही.

तरी सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. देवासाठी ईर्ष्यावान झालेल्या माणसांनी इतिहासात काय काय केलं ते आपण जाणतो. बायबलातला त्यांचा मोठा पुढारी म्हणजे एलिया. बआलाच्या पुजाऱ्यांना त्याने ठार केलं, मग राणीच्या भीतीने पळाला आणि होरेब डोंगरावर जाऊन देवाला दोनदा तेच ऐकवलं: मी तुझ्यासाठी फार ईर्ष्या केली, लोकांनी मात्र तुझा करार सोडला. देव त्याला शाबासकी देत नाही. तुझ्या जागी अलीशाला नेम म्हणतो. जुन्या रब्बींनी यावर शेरा मारून ठेवलाय की एलियाने बापाची बाजू घेतली, पण लेकराची नाही घेतली.

यहुदी परंपरेत मग त्याच्या तक्रारीचं एक गोड प्रायश्चित्त झालं. लोकांनी करार सोडला म्हणतोस ना? मग प्रत्येक मुलाच्या सुंतेला, म्हणजे कराराच्या खुणेला, तू स्वतः हजर राहायचं. त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींचा, आपल्या त्या शनिवार तेल्यांचा, तर तो अगदी घरचाच झाला. एलियाहू हनाबी. त्याचा रथ अलिबागजवळ उतरला आणि तिथून वर गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. खडकावरच्या खुणा दाखवतात. नवस फेडायला, लग्नकार्याला, घरात काही चांगलं घडलं की त्याच्या नावाने मलिदा करतात. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली, पण मलिदा तिकडेही होतो. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. ताटात भोवती फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचा.